पहिला पैसा कोणाचा?

"चूल झकास आहे, पोरी! पण पहिला पैसा मी घालत नसतो," गुलाबशेठ म्हणाले. "आधी दुसरा एखादा शेठ गाठ. त्याने घातले की मी घातलेच समज!"

येसू ही नाणेपूरच्या म्हातू कुंभाराची लेक. निम्म्या सरपणात भाकऱ्या भाजणारी चूल तिने घडवली होती. जत्रेला अशा शंभर चुली न्यायच्या तर मोठी भट्टी हवी, चार माणसं हवीत. नाणेपुरात नव्या धंद्यात पैसा घालणारे शेठ दोनच. ते कर्ज देत नसत, धंद्यात हिस्सा मागत. धंदा बुडाला तर त्यांचाही पैसा बुडे. म्हणून तर इतके जपून असत!

"आणि हिस्सा किती?" येसूने विचारलं.

"रुपयात आठ आणे."

"चूल माझी, राबणार मी, आणि निम्मा धंदा तुमचा?"

"पैसा माझा ना! शिवाय माझा अनुभव."

"चुलीचा?"

"पैशाचा!"

येसू त्र्यंबकशेठांकडे गेली. ते झोपाळ्यावर बसले होते.

"गुलाबशेठ घालतोय का? त्याने एक रुपया घातला तर मी दोन घालीन," ते म्हणाले. "पण पहिला? छे! आणि हे बाहेर बोलू नकोस हं. लोक मला भित्रा म्हणतील!"

दोघांनाही दुसरंच व्हायचं होतं. मग पहिला आणायचा कुठून?

"सोड तो नाद," म्हातू म्हणाला. "मुकाट्याने मडकी घडव."

येसूने दुसऱ्या दिवशी चूल डोक्यावर घेतली आणि त्र्यंबकशेठांच्या ओसरीवर सावलीला जाऊन बसली. शेठाणीबाईंनी ताक दिलं. तिसऱ्या दिवशीही येसू तिथेच! तेवढ्यात गुलाबशेठांचा मुनीम तिथून चालला होता. तो थबकला.

"काय गं, आत काय बोलणं झालं?"

"बाहेर बोलू नकोस, असं शेठजींनी बजावलंय."

मुनीम धावतच सुटला!

घटकाभरात गुलाबशेठ हजर, मागोमाग मुनीम. धाप लागलेली, जोडे उलटसुलट पायांत.

"येसू! सहा आणे हिस्सा, दोन हजार रोख!"

त्र्यंबकशेठ झोपाळ्यावरून टुणकन उतरले. गुलाबशेठ स्वतः पळत आला? नक्कीच याला काहीतरी कळलंय! "पाच आणे!" ते ओरडले.

"चार!"

"तीन!"

"शेठजी, एकदा पेटवून तरी बघा," येसू म्हणाली.

"पेटवायची काय गरज? त्र्यंबकशेठ मागतोय ना!"

"आणि मला गुलाबशेठ मागतोय एवढं पुरे! दोन आणे!"

"माझेही दोन!"

दोघंही दमले. गुलाबशेठांनी घाम पुसला. "त्र्यंबक, तू आधी किती घातले होतेस?"

"मी? एक छदाम नाही! तूच घातलेस ना?"

मग दोघेही येसूवर उखडले.

"लबाड! फसवलंस आम्हाला!"

"मी एक शब्द तरी खोटा बोलले का? गप्प बस म्हणालात, गप्प बसले."

"पण आमची अट? पहिला पैसा घालणारा कुठाय?"

"हा काय, तुमच्यासमोर उभा आहे!" येसूने मोकळे हात पुढे केले. "या हातांतले चांदीचे गोठ सोनाराकडे गहाण पडले तेव्हा माती आली. दोन वर्षांत तीस चुली तडकल्या, तेव्हा ही एक उभी राहिली. पहिला पैसा माझा, शेठजी! तुम्हा दोघांना दुसरं व्हायचं होतं. आता खुशाल व्हा!"

गुलाबशेठ पोट धरून हसायला लागले. ते हसताहेत असं पाहून त्र्यंबकशेठही हसले.

"मुनीमजी, कागद आणा!" गुलाबशेठ म्हणाले. " आमचे दोन-दोन आणे, बाकीचे बारा हिचे. आणि हिचे गोठ सोनाराकडून सोडवून आणा, माझ्या खर्चाने!"

गुलाबशेठांनी गोठ दिले म्हटल्यावर त्र्यंबकशेठांनी लगेच येसूला पायात घालायला चांदीचे तोडे दिले!