शिळवणीची नावं

एका राज्यात बातम्या पाखरं सांगत. राजाचं नाव धवलकीर्ती. त्याच्या राजवाड्यासमोर चौक होता, चौकात तीन पिंजरे होते. एक पोपटाचा, एक साळुंकीचा, एक काकाकुव्याचा. पिंजऱ्यांना दारं नव्हती. पाखरं दिवसभर राज्यावरून उडत, आणि पाहिलेलं दुसऱ्या सकाळी चौकात सांगत. चौथी टिटवी. ती पिंजऱ्यात राहत नसे. नदीकाठी राही आणि पाण्याची खबर आणी.

या पाखरांचं दाणापाणी कोंडाई बघे. कोंडाई पन्नाशीची, एकटी, हाताला माया असलेली बाई. पाखरांना माणसाची भाषा तिनंच शिकवली होती. तिचं माहेर शिळवण, दोन दिवसांच्या वाटेवर, नदीच्या वळणावर. तिथे तिचा धाकटा भाऊ रायाजी राही. दर नागपंचमीला तो तिला न्यायला येई.

एका वर्षी राणी माहेरी गेली आणि तिथेच तापानं वारली. दूत वाटेतच होता. पाखरू आधी पोचलं. भर चौकात, शेकडो लोकांदेखत, पोपटानं ते सांगितलं. राजा सज्जात उभा होता. तो उभ्या जागी खाली बसला, तो दिवस मावळेपर्यंत उठला नाही.

पुढे राजानं राणीच्या नावानं नदीवर मोठा बांध घातला. बांध पुरा झाला त्या दिवशी दक्षिणेकडून एक मांत्रिक आला. त्याच्या हाती मोत्यांनी भरलेली पेटी होती.

मांत्रिक म्हणाला, "महाराज, हे मोती पाखरांना चारा. पुन्हा कडू बोल कानी पडणार नाही. मात्र पाखरं बोलताना जे गाळतील, ते प्रजेच्या डोळ्यांना दिसेनासं होईल."

राजा म्हणाला, "दुःख दिसेनासं झालं, तर त्यात वाईट ते काय?"

कोंडाईनं स्वतःच्या हातानं मोती चारले. राजाचं मन निवेल, एवढंच तिच्या मनात होतं. टिटवीनं मात्र चोच उघडली नाही. प्रधानानं तिला अपशकुनी ठरवून वेशीबाहेर हाकललं.

त्या दिवसापासून पाखरं उडायची थांबली. प्रधान रोज संध्याकाळी येई, उद्याचे बोल कोंडाईला सांगे, कोंडाई ते पाखरांकडून घोकून घेई. पोपट ते ओरडून सांगे, साळुंकी गळा भरून सांगे, काकाकुवा मान डोलवून सांगे. लोकांत तट पडले. कुणी म्हणे पोपट खरा, कुणी म्हणे काकाकुवा खरा. हमरीतुमरी होई, डोकी फुटत. पण आवाज तीन असले तरी बातमी एकच होती: राज्यात आबादीआबाद आहे.

त्या वर्षी पंचमी आली, रायाजी आला नाही.

कोंडाईनं शेजारणीला विचारलं, "शिळवणीची काही खबर?"

शेजारीण म्हणाली, "अगं, सकाळीच साळुंकी म्हणाली ना? शिळवणीला भाताला लोंब्या आल्यात."

ते बोल कोंडाईनंच शिकवले होते. ती घरी आली. रात्री पाऊस पडून गेला होता, अंगणात चिखल होता. चिखलात पावलं होती. ती उंबऱ्यापर्यंत आली होती, तिथे बराच वेळ घुटमळली होती, आणि परत फिरली होती. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

रायाजीच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. लहानपणी विळ्यानं तुटली होती.

कोंडाईनं हाक मारली, "राया!" अंगण रिकामं होतं. तिनं पिंजरे बांधायची लांब दोरी खांद्यावर टाकली आणि पावलांच्या मागानं वेशीबाहेर निघाली. वेशीबाहेर माळावर टिटवी बसली होती.

टिटवी म्हणाली, "उशीर केलास, बाई."

"केला," कोंडाई म्हणाली. "माझा भाऊ कुठे आहे?"

"परत शिळवणीला गेला. तुमच्या डोळ्यांवर शाप आहे, हातांवर नाही. तुमच्या कानांत पाखरांचे बोल भरलेत, पण चौकापासून दोन दिवस लांब गेलीस की ते गळून पडतील. तीन कामं कर. शिळवणीला जा आणि डोळे मिटून बघ. तिथल्या माणसांची नावं घे, ज्याचं त्याच्याकडून नाहीतर त्याच्या घरच्यांकडून घे, ऐकीव घेऊ नकोस. आणि ती नावं भर चौकात, राजाच्या कानावर पडतील अशी उच्चार. पण सगळ्यांआधी तुझं नाव घे, आणि काय केलंस ते सांग. पहिला मोती त्यावाचून पडायचा नाही."

दोन दिवस चालून कोंडाई शिळवणीला पोचली. डोळ्यांना हिरवंगार भात दिसत होतं, वाऱ्यावर लोंब्या डुलत होत्या. पाय मात्र घोट्यापर्यंत गाळात रुतत होते. तिनं पदर डोळ्यांवर बांधला आणि हात पुढे केले.

हाताला पडकी भिंत लागली. मोडकं आढं लागलं. बाभळीच्या फांदीत अडकलेला पाळणा लागला. त्यात हात घालायचा तिला धीर झाला नाही. मग घातला. पाळणा रिकामा होता.

आणि मग कानांत माणसांचे आवाज आले. चहूकडून आले.

एक नावाडी म्हणाला, "ही पाखरांची बाई. हिला नावं कशाला द्यायची? बांध फुटल्याला महिना झाला. आम्ही नगरात गेलो, चौकात उभे राहिलो, तर लोक आमच्या अंगावरून गेले."

कोंडाई म्हणाली, "देऊ नका असं म्हणालात, तर मी परत जाईन. माझा तो हक्क नाही."

 मग एक ओळखीचा हात तिच्या हातात आला. खरखरीत, गार.

"आक्का," रायाजी म्हणाला, "मी दोन दिवस तुझ्या दारात उभा होतो. तू दाणे निवडत होतीस. मी हाका मारल्या. तू गुणगुणत होतीस."

कोंडाईनं तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"पहिलं नाव लिहून घे, विसरू नकोस," तो म्हणाला. "गोजरा. माझी बायको. ती गेली."

लिहायला काही नव्हतं. कोंडाईनं दोरीला गाठ मारली. मग नावाड्यानं आपलं नाव सांगितलं, दुसरी गाठ बसली. एकेक जण येऊन तिच्या हातावर हात ठेवी, स्वतःचं नाव सांगे, आपल्या गेलेल्यांचं सांगे. दिवस कलेपर्यंत एकसष्ट गाठी झाल्या. चाळीस हयातांच्या, एकवीस गेलेल्यांच्या.

परतीच्या वाटेवर जे हयात होते त्यांनी दोरी धरली आणि तिच्यामागून चालू लागले. तिसऱ्या सकाळी नगरातल्या लोकांनी पाहिलं, की कोंडाई चौकात येते आहे आणि तिच्या मागे एक दोरी हवेत ताणून, सरळ, अधांतरी येते आहे. लोक हसले.

पाखरांचे बोल सुरू व्हायची वेळ होती. राजा सज्जात उभा होता, प्रधान त्याच्या बाजूला.

कोंडाई पिंजऱ्यांसमोर उभी राहिली. 

"मी कोंडाई," ती म्हणाली. "पाखरांना मोती मी चारले. जे त्यांनी पाहिलं नाही, ते मी त्यांच्याकडून वदवून घेतलं."

पोपटाच्या चोचीतून एक मोती फरशीवर पडला. टक् असा आवाज आला.

प्रधान ओरडला, "बाईला वेड लागलं! धरा तिला!"

शिपाई धावले. कोंडाई सज्जाकडे बघून म्हणाली, "महाराज, राणीसाहेबांचा बांध फुटला."

 राजानं हात वर केला. शिपाई थांबले.

कोंडाईनं पहिली गाठ सोडवली. "गोजरा, रायाजीची बायको." साळुंकीच्या चोचीतून मोती पडला. दोरीजवळ कुणीच दिसलं नाही. दुसरी गाठ सोडवली. "भिकू नावाडी." काकाकुव्याच्या चोचीतून मोती पडला, आणि दोरी धरलेला, चिखलानं माखलेला एक माणूस चौकात दिसू लागला. लोकांचं हसू मावळलं. गाठी सुटत गेल्या, मोती पडत गेले. नाव हयाताचं असलं की माणूस दिसे. नाव गेलेल्याचं असलं की नुसता मोती वाजे, आणि लोक त्या रिकाम्या जागेकडे बघत राहत.

शेवटची गाठ सुटली तेव्हा राजा खाली चौकात आलेला होता. तो रायाजीपाशी थांबला.

"मला कुणी का सांगितलं नाही?"

रायाजी म्हणाला, "महाराज, आम्ही इथेच येऊन उभे राहिलो होतो."

राजानं खाली बघितलं. मग विचारलं, "तुझी बायको गेल्याचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायची वेळ आली नाही. माझ्या हातातूनच सुटली."

राजा चौकाच्या पायरीवर बसला. त्यानं रायाजीला हाताला धरून शेजारी बसवलं.  लोकांनी माना फिरवल्या, कारण राजाला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

शाप सुटला. शिळवणीवरचा खोटा हिरवा रंग उतरला आणि गाळ सगळ्यांना दिसू लागला. राजानं प्रधानाला दूर केलं आणि मोत्यांची पेटी नदीच्या खोल डोहात बुडवली. मग स्वतः कुदळ घेऊन निघाला. नगरातले लोकही निघाले. पाखरं पुन्हा उडू लागली. पहिल्याच दिवशी तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. तेव्हा राजा म्हणाला, "माणसं पाठवा, बघून येऊ दे." टिटवीला त्यानं सोन्याचं घरटं देऊ केलं. ती म्हणाली, "मला जमीन पुरे," आणि नदीकडे उडाली.

कोंडाईनं राजाकडे शिक्षा मागितली. राजा म्हणाला, "मोती चारायला मीच सांगितलं. शिक्षा द्यायची तर दोघांना द्यावी लागेल." तेव्हा ती आपणहून बांधावर गेली. दिवसभर डोक्यावर मातीची पाटी वाही. रायाजी तिच्याशी बोलत नसे. ती बोलायला सांगत नसे. एका दुपारी चढावर तिचा पाय घसरला. रायाजी पुढे झाला, तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून त्यानं आपल्या डोक्यावर घेतली.

"चल, आक्का," तो म्हणाला. "हळू ये. इथे निसरडं आहे."

शिळवणीला पुन्हा चुली पेटल्या, हरवलेली माणसं नगराला दिसली. तशी ती तुम्हा-आम्हाला दिसोत.