हाकेचा माथा

धुरेवाडीहून हाकेच्या माथ्यावर चढायला अर्धा दिवस जातो. चढ संपला की वाटतं, आलं जाखाईचं देऊळ. पण मध्ये दलदल आहे. वर हिरवंगार गवत, खाली माणूस गिळणारी काळी राड आणि भोवती सदा धुकं. ती ओलांडताना पुढच्यानं पायाखालची जमीन मोठ्यानं सांगायची आणि मागच्यानं ओ द्यायची, ही इथली रीत. मुकाट्यानं चालणाऱ्याला गावातला कुणी सोबत घेत नाही. कानात गाणी लावून आलेल्या पाहुण्यांना तर देवळाचे म्हातारे गुरव तातोबा काठावरच अडवतात. "काढा ती कानातली बोंडं! एकाला दुसऱ्याचं बोललेलं खपत नव्हतं, म्हणून इथं चार माणसं गेली!" असं खेकसून ते धोंड्यावर बसतात आणि सांगायला लागतात.

फार मागं, म्हणे, या मुलखात एक जहागीरदार होता. त्याचं नाव तातोबांना ठाऊक आहे, पण ते घेत नाहीत. तो आजारी पडला, वैद्यांनी हात टेकले, तेव्हा माथ्यावरच्या जाखाईला बोलला, "मला उठव, मी माझ्या पायांनी चालत येऊन तुझी ओटी भरीन." देवीनं उठवला. आणि हा निघाला कसा, तर मेण्यात बसून! नवस बोलताना पाय त्याचे होते, फेडताना मात्र भोयांचे झाले.

मेण्याला चार भोई होते. पुढच्या दांडीला गोमा. मागून ओटीची पाटी डोक्यावर घेऊन त्याची बायको चंद्रा चालत होती. बाकीचा लवाजमा दलदलीच्या अलीकडेच थांबला. चिखलात कोण उतरणार? मागच्या भोयांना मेण्यामुळं पुढचं काही दिसत नसे. म्हणून पुढचा हाक घालायचा, "डावीकडं पाणी!", "जपून, रुततंय!", "कातळ हाय!" मागच्यांनी "पोचलो रं!" म्हटल्याशिवाय पुढची हाक नाही. चंद्राही नवऱ्याच्या हाकेवरच पाऊल टाकत होती. त्या धुक्यात तिला दुसरा आधार नव्हता.

अर्ध्या वाटेवर मेण्याचा पडदा सरकला. "मी इथं देवीचं नाव घेतोय आणि तुम्ही बाजार मांडलाय? आता एक शब्द कानावर आला तर एकेकाची पाठ सोलून काढीन!"

"सरकार, हाक न्हाई घातली तर मागच्यास्नी..." गोमा म्हणाला.

"तोंड बंद!"

अहो, ज्याच्या खांद्यावर बसलाय त्याचंच तोंड बंद करायचं! कसली ही भक्ती? पण हुकमापुढं गोमाचं काय चालणार? तो गप्प झाला. हाक थांबली तशी चंद्रा गवताच्या एका बेटावर जागीच थबकली. म्हणून ती वाचली, असं सांगतात. पुढं गोमाचा पाय रुतला. एरवी तो ओरडला असता आणि मागच्यांनी मेणा मागं खेचला असता. आज ओरडू की नको, म्हणून तो क्षणभर कचरला. तेवढ्यात मागच्यांचं पाऊल पुढं पडलं, दांडीनं त्याला खाली रेटलं, आणि बघता बघता चौघेही राडीत गेले. लाकडी मेणा तेवढा तिरका होऊन वर राहिला, आत जहागीरदार.

चंद्रानं नवऱ्याला हाका मारमारून घसा फोडला. ओ आली ती मेण्यातून. "ए बाई! मला बाहेर काढ! वाट सांग!"

चंद्राच्या अंगाची आग आग झाली. "आता बोललेलं चालतंय व्हय तुला?" तिच्या तोंडून 'सरकार' निघालंच नाही. मग देवळाकडं तोंड करून ती देवीवर बरसली. "आई, नवस ह्येचा आन् जीव माझ्या माणसाचा? ह्यो कुठला न्याय गं? बोल की! का तुलाबी ह्येनं गप बसवलंय?"

तेव्हा, म्हणे, राडीच्या पोटातून हाक आली, "उजवीकडं कातळ हाय!" आवाज गोमाचा होता. चंद्रानं रडत रडत पाऊल टाकलं. खाली कातळ लागला. "पोचले रं!" ती म्हणाली, आणि पुढची हाक आली.

जहागीरदाराला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. चंद्रा गप्प राहिली असती तर तो तिथंच संपला असता. तसं तिच्या मनात आलंही. का येऊ नये? पण ती भोयाच्या घरची होती. मागच्याला जमीन सांगायची, मग मागचा कसाही असो. "उतर खाली," ती म्हणाली. "वहाणा काढ. सांगीन तिथं पाय ठेव आन् दर पावलाला वरडून ओ दे. गप बसलास तर माझीबी हाक बंद." जहागीरदार मांडीभर चिखलातून, ओ देत देत, आपल्या पायांनी माथ्यावर पोचला.

लाज वाटली असेल त्याला? छे! देवीनं आपल्याला तारलं म्हणून त्यानं स्वतःचं नाव कोरलेली घंटा वर पाठवली. तीही भोयांच्याच खांद्यावरून! गेलेल्या चौघांबद्दल तिच्यावर एक शब्द नाही. गावानं ती निमूटपणे टांगू दिली आणि त्याचे लोक गेल्यावर तिचा लोलक काढून दलदलीत फेकला.

आजही ती मुकी घंटा देवळात लोंबते आहे. आजही सगळ्यात मागचा माणूस शेवटच्या कातळावर चढला की आधी देवीला हात जोडत नाही. तो दलदलीकडं वळतो आणि छाती फुटेस्तोवर ओरडतो, "गोमादा, पोचलो रं!" मागच्याची ओ आल्याशिवाय गोमाला खांद्यावरची दांडी खाली ठेवता येत नाही, असं सांगतात.