सुसरमायची भरती

आमळीपाड्याच्या ओढ्यात, पिवळट खडकावर एक सांगाडा पसरलेला आहे. लांबुळका जबडा, मणक्यांची माळ आणि पायांच्या जागी चार वल्ही. पाडा तिला सुसरमाय म्हणतो. सकाळचं पाणी घरात नेण्याआधी बायका तिच्यावर थोडं ओततात आणि हळूच म्हणतात, "भरती निघालीय, माय." पाड्यातल्या कुणीही समुद्र पाहिलेला नाही.

पाड्यातले म्हातारे विरजीबाबा आम्हा कॉलेजच्या मुलींना हे सांगत होते, तेवढ्यात मागे दगड घरंगळला. मी किंचाळलेच.

"शेळी आहे, पोरी," बाबा म्हणाले. मग थांबून, "असावी."

फार पूर्वी समुद्र इथवर होता म्हणे. मागे सरताना तो सुसरमायला म्हणाला, "पड इथेच, भरतीला न्यायला येतो." ती पडून राहिली. अंगावर दगड चढला, दगडावर रान.

असे सांगतात की एका दुष्काळात ठुमला नावाचा गडी कोरड्या ओढ्यात पाण्यासाठी खड्डा खणत होता. पहार हाडाला लागली आणि जमीन हलू लागली. माय जागी झाली होती, समुद्र शोधत होती. कडा ढासळल्या, ठुमला छातीपर्यंत गाडला गेला. काठावर त्याची बायको दितली, डोक्यावर घरातल्या शेवटच्या पाण्याचं मडकं. लोक ओरडले, "दोर टाक गं!" तिनं मडकं हाडांवर उपडं केलं.

"हे भरतीचंच पाणी, माय. ती निघालीय. नीज."

जमीन थांबली. ठुमल्याला ओढून काढलं, तर तो आधी म्हणाला, "माझं पाणी कुठंय?"

"तुझ्या जिवापायी ओतलं," दितली म्हणाली.

पण असलं खोटं एकदा बोलून भागत नाही. दितली मरेपर्यंत रोज बोलली. मग तिच्या सुना, मग सगळा पाडा. पुरांनी माती नेली, माय उघडी पडली, तसा धाक वाढला.

आमचे सर म्हणू लागले, "समुद्र तर कधीच—" बाबांनी त्यांचा हात घट्ट धरला. "हळू, साहेब. खाली आमची घरं आहेत."

सरांनी खालच्या घरांकडे पाहिलं.

निघताना मी बाटलीतलं पाणी ओतलं. वाक्य न बोलताच झाकण लावू लागले. "बोल लवकर," बाबा कुजबुजले, "ओली झाली की ती कान देते."

आजही तिथे पाणी ओतून कुणी गप्प परतत नाही. मीही नाही परतले.