स्वागताचा ई-मेल

“...तरी माणसं परत येत नाहीत. असं का होतं, महाराज?”

भैरवगिरी महाराज मठाच्या ओट्यावर बसून तांब्याचे घंगाळ चिंचेने घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण माणसं?”

अभिरामने घाम पुसला. पुण्याहून निघून तो थेट टेकडी चढून आला होता. लहानपणी याच मठात तो वाढला, महाराजांच्या धाकात. आता त्याने एका मित्राबरोबर सॉफ्टवेअर काढले होते, मंडपवाल्यांसाठी आणि केटरिंगवाल्यांसाठी. खुर्च्या, सतरंज्या, भांडी कोणाकडे गेली आणि परत आली की नाही, ते मोबाइलवर नोंदवून ठेवायचे.

“नवीन माणसाने नाव घातलं की त्याला माझा ई-मेल जातो. स्वागताचा. कसं वापरायचं ते सांगणारा. लोक तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, आम्हाला ते दिसतं. एका मंडपवाल्याने तर फोन करून कौतुक केलं.”

“मग?”

“मग काही नाही. एक खुर्चीसुद्धा नोंदवत नाहीत. पुन्हा उघडतच नाहीत.”

महाराज घासत राहिले.

“मित्र म्हणतो, दिवाळीपर्यंत माणसं टिकली नाहीत तर गाशा गुंडाळायचा. मी नोकरी सोडून यात पडलोय, महाराज...”

“ई-मेल चांगला आहे?”

अभिराम ताठ झाला. “त्यात खोट निघायची नाही. एकेक शब्द पारखून घेतलाय.”

“वाच मग. मी तुझा नवीन माणूस.”

तेवढ्यात गावातली हौसाबाई पायऱ्या चढून आली. नातीचे बारसे होते, मोठे पातेले हवे होते. गावात कोणाकडेही कार्य असले की भांडी मठातून जात. त्यातली निम्मी कोणाच्या घरी राहिली, ते कोणालाच आठवत नसे.

“बैस जरा,” महाराज तिला म्हणाले. “हा काय सांगतो ते ऐकू. भांडी हरवायची थांबतील म्हणतो.”

अभिरामला आनंद झाला. असा नवीन माणूस शोधूनही सापडला नसता. त्याने मोबाइल समोर धरला, घसा साफ केला.

“‘सप्रेम नमस्कार. आमच्या परिवारात आपले मनःपूर्वक स्वागत. सुरुवात अगदी सोपी आहे. बाहेर जाणारी एक वस्तू निवडा आणि ती कोणाकडे चालली, त्याचे नाव घाला...’”

महाराज उठले. आत गेले. पातेले उचलून आणले आणि ओट्यावर दणकन ठेवले.

“हे पातेलं. हौसाबाईकडे चाललं. घाल नाव.”

अभिराम हसला. “अहो, बसा महाराज. ही तर नुसती सुरुवात आहे. खरी गंमत पुढे आहे.”

महाराज बसले.

पुढे सॉफ्टवेअर कसे सुचले, त्याची हकीकत होती. मग मोबाइलवरच्या यादीत खुर्च्यांना वेगवेगळे रंग कसे द्यायचे ते होते. अभिराम चढ्या आवाजात वाचत होता. त्याचे त्यालाच गोड वाटत होते.

“‘वस्तूचा फोटोही काढून ठेवता येतो...’”

महाराज पुन्हा उठले. कफनीच्या खिशातून मोबाइल काढून त्यांनी पातेल्यासमोर धरला.

“कुठे दाबू?”

“ते खाली येतं, महाराज. आधी फोटोचे फायदे ऐका. मध्येच उठलात तर सलग कळायचं नाही.”

महाराजांनी मोबाइल खिशात टाकला. बसले.

हौसाबाईने पदर खोचला. “किती अध्यायांची पोथी आहे रे ही? घरी डाळ भिजून फुगली असेल.”

“झालंच, मावशी.”

“मघाशी तर खरी गंमत पुढे आहे म्हणालास.”

अभिराम वाचत राहिला. भाडे कसे ठरवायचे. मदतीला कोणाला फोन करायचा. आणखी काय काय येणार आहे.

हौसाबाई उठली. पातेले डोक्यावर घेतले.

“तुमचं चालू द्या. माझ्या घरी पाहुणे आलेत,” म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

“‘...चला तर मग, आजच सुरुवात करा! आपला नम्र, अभिराम.’”

त्याने मान वर केली.

“कसा वाटला?”

“गोड लिहितोस. शेवटपर्यंत ऐकला मी.”

“मग नोंदवू या का? आता घाला नाव.”

“कशाचं?”

अभिरामने ओट्याकडे पाहिले... पातेले केव्हाच गेले होते.

“दुसरं एखादं भांडं आणा की आतून.”

“आता उठवत नाही रे.”

“असं काय करता? मघाशी तर दोनदा उठला होतात!”

“उठलो होतो,” महाराज म्हणाले.



अभिरामला काही समजेना. म्हातारा थकला, की रुसला? की हौसाबाईचा राग आपल्यावर काढतोय?

“भाषा जड झाली का?”

“नाही. माझ्यासारख्या अडाण्याला कळली.”

“लांबला का मग?”

“मला कुठे जायचंय?”

“मग चुकलं तरी कुठे?”

महाराजांनी घंगाळ उलटे केले. बूड घासायला घेतले.

अभिरामच्या डोक्यात नुसता गोंधळ उडाला होता. आपल्याला विचारता येत नाही, की महाराजांना सांगता येत नाही, हेही त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने मोबाइल खिशात घातला. निदान आशीर्वाद तरी पदरात पडावा, म्हणून वाकून पायांवर डोके ठेवले.

“नव्याने लिहितो, महाराज. असा लिहितो की माणूस तो खाली ठेवणारच नाही. पुन्हा पुन्हा वाचेल. तुम्ही फक्त आशीर्वाद द्या.”

महाराजांनी चिंचेने माखलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. डोळे मिटले.

“देव करो,” ते म्हणाले, “आणि तुझा ई-मेल कोणीही पुरता न वाचो.”