तंबू शिवणाऱ्याचा शब्द

कडाड! असा आवाज झाला आणि माग मोडला.

फार फार पूर्वी, समुद्राकाठच्या एका शहरात राहणाऱ्या एका मुलानं हा आवाज ऐकला. त्याचे वडील तंबूचं कापड विणायचे आणि येशूला मानायचे. सम्राटाला देव मानून त्याच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायला त्यांनी नकार दिला, म्हणून शिपाई आले. एकानं कुऱ्हाडीनं माग फोडला, वडिलांना ओढत नेलं. मुलगा कापडाच्या ढिगात लपला होता. त्याला कुणाचं तोंड दिसलं नाही. वडील परत आले नाहीत.

मुलगा मोठा झाला. वडिलांच्याच दुकानात तंबू शिवू लागला, वडिलांच्याच प्रभूला भजू लागला.

पुढे एक म्हातारा परगावाहून काम मागत आला. तंबूच्या दोऱ्यासाठी बकरीच्या राठ केसांना पीळ द्यायला छान जमे त्याला, पण शिवण वाकडी जाई.

"काका, हातात दाभण आहे, भाला नव्हे! हळू टोचा."

"हाताची जुनी खोड, मालक."

"मालक वर बसलाय. मी नुसता शिवणारा."

म्हातारा हसला. हळूहळू दोघं एका ताटात जेवू लागले. तंबूवाला तापानं फणफणला, तेव्हा म्हाताऱ्यानं उशाशी बसून त्याला चमच्या-चमच्यानं पेज पाजली.

संध्याकाळी दुकानात येशूला मानणारी मंडळी जमायची, वचनं वाचायची, प्रभूच्या आठवणीसाठी भाकर मोडून वाटून खायची. म्हातारा दाराशी बसून ऐकायचा. एकदा त्यानं भीतभीत विचारलं, "माझ्यासारख्यालाही बाप्तिस्मा मिळेल का?"

तंबूवाल्याचे डोळे भरून आले. "मिळेल म्हणजे काय! मी उभा राहतो ना तुमच्यासाठी."

त्या मंडळीची एक रीत होती. बाप्तिस्म्यासाठी नदीच्या पाण्यात उतरणाऱ्यानं आधी आपलं पाप सगळ्यांसमोर सांगायचं. मग मंडळीतल्या कुणीतरी पुढे होऊन म्हणायचं, "मी याला ओळखतो. याचं काम आणि याचं वागणं मी पाहिलंय." हा शब्द मिळाला नाही, तर पाणी नाही. म्हाताऱ्याला गावात दुसरं कोण ओळखणार?

ठरल्या दिवशी सगळे नदीवर गेले. म्हाताऱ्यानं वहाणा काढल्या. तो पाण्याच्या कडेला उभा राहिला.

"मी शिपाई होतो," तो म्हणाला. "आपण बसतो त्या दुकानातला माग मी फोडला. याच्या वडिलांना मीच ओढत नेलं. मरताना ते आमच्यासाठी प्रार्थना करत होते. मला ते सहन झालं नाही, म्हणून शोधत इथवर आलो. रोज वाटायचं, आज सांगू. रोज जीभ उचलायची नाही."

तंबूवाला जागच्या जागी थिजला. समोर नदी वाहत होती, पण त्याला ती ऐकू येईना. ज्या हातांनी पेज पाजली, तेच हे हात!

मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, "याला कोण ओळखतं?"

सगळ्यांचे डोळे तंबूवाल्याकडे लागले.

"बोल बाबा," वडीलधारे हळूच म्हणाले. "तुझ्याच ताटात जेवतो हा."

तंबूवाल्याच्या तोंडून शब्द निघाले, "मी या माणसाला ओळखत नाही."

मासे विकणाऱ्या एका आजीनं तोंडावर पदर धरला. "अरे लेका, काय बोललास हे! प्रभूला धरून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी त्याचा शिष्य पेत्र प्रभूविषयी हेच बोलला होता रे!"

ते ऐकून तंबूवाला हादरला. हे आपण बोललो? आपल्या तोंडानं? बोललेलं परत घ्यावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना. काका, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तेही जमलं नाही.

म्हाताऱ्याला मात्र नवल वाटलं नाही. त्यानं खाली वाकून वहाणा पायात घातल्या. तंबूवाल्याकडे एकदा मायेनं पाहिलं आणि तो नदीकाठानं चालत दूर निघून गेला.

तात्पर्य: क्षमेच्या गोष्टी करणं सोपं असतं. आपला अपराधी हात जोडून समोर उभा राहतो, तेव्हाच आपला विश्वास किती खरा ते कळतं. आणि त्या घडीला अडलेला शब्द मागाहून सुचून उपयोग नसतो.