गाळ काढणाऱ्याचा दर

फार पूर्वी, घड्याळं नव्हती आणि लोक वेळ घटकांत मोजायचे तेव्हा, एका गावात विहिरींतला गाळ काढणारा एक माणूस राहत होता. कमरेला दोर बांधून तो खाली उतरायचा आणि त्याची बायको वर दोर धरून उभी राहायची. जितक्या घटका तो खाली, तितक्याच घटकांचे पैसे घ्यायचा. पंचक्रोशीत इतकं स्वस्त कोणीच नव्हतं. लोक म्हणायचे, "देवमाणूस आहे!" हे ऐकलं की स्वारी अशी फुगायची की आणखी एखादा पैसा सोडून द्यायची.

घरात मात्र ओढाताण. नवा दोर घेणं जमेना, म्हणून जुन्यालाच गाठी मारून भागवणं चाललं होतं.

एके दिवशी दोघं एका मळेवाल्याच्या विहिरीवर जायला निघाले, तर बायको दारातच बसली.

"मी आज येणार नाही. दोर तुटला तर ते मलाच बघावं लागेल."

"अगं, पण नव्या दोराला पैसे कुठून आणू?"

"अहो, दर तुम्हीच ठरवलात ना? त्यात दोराचा खर्च मोजलात? मी वर उन्हात उभी असते, ते मोजलंत? पावसाळ्यात विहिरी तुडुंब, काम बंद. तेव्हा काय वारा खायचा?"

त्याने खांद्यावरचा दोर खाली ठेवला. खरंच, यातलं काहीच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

दोघांनी अंगणात बसून हिशेब मांडला. दर चक्क दुप्पट झाला. तो म्हणाला, "आता कोण बोलावतंय आपल्याला!"

मळेवाल्यासमोर त्याने चाचरत नवा दर सांगितला आणि तो का वाढला तेही सांगितलं. मळेवाला विहिरीच्या कठड्यावर मटकन बसला.

"सुटलो बाबा एकदाचा! तू उतरलास की मला त्या गाठी बघवायच्या नाहीत, म्हणून मी घरात जाऊन बसायचो. स्वस्तात होतंय म्हणून बोललो मात्र नाही, ही माझी चूक. आधी दोरापुरते पैसे घे, दोर आण, मग उतर."

नवा दर ऐकून गावातला वाणी तेवढा चिडला. दुसरा माणूस बघतो म्हणाला. दोघांनी त्याला खुशाल बघू दिलं.

नवा दोर बांधून तो विहिरीत उतरला, तेव्हा बायकोच्या हाताला एकही गाठ लागली नाही. खालून त्याचं गाणं ऐकू आलं. तिला आधी हसू फुटलं, मग रडूच कोसळलं.

तात्पर्य: कामाचा दर ठरवताना नुसते हात चालतात तेवढाच वेळ मोजू नये. ते हात ज्याच्या जिवावर चालतात तेही मोजावं, आणि मग दर सांगताना लाजू नये.