बस्त्यावचं प्रायश्चित्त

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या गावाला होडीनंच जावं लागायचं त्या काळात, आमच्या तिवरपाड्यात बस्त्याव तुस्कानो नावाचा कॉर्नेटवाला होऊन गेला. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटची धाकटी बहीण, पितळेची. बस्त्याव ती फुंकायचा तेव्हा खाडीपलीकडच्या कोंबड्या घाबरून खुराड्यात शिरायच्या, असं म्हणतात. पलीकडचे लोक हे नाकबूल करतात. पण त्यांच्या कोंबड्यांना कोणी विचारलेलं नाही.

बस्त्यावचा सात जणांचा बँड होता. त्यांना तीनच चाली यायच्या. एक मरियामातेच्या गाण्याची, एक लग्नाची आणि एक मयताची. बाकीचे सहा जण बस्त्यावकडे बघून वाजवायचे. तो दिसला नाही तर तिन्ही चाली एकात एक मिसळायच्या. एकदा बस्त्याव तापानं पडला होता, तेव्हा एका नवरीला रडत सासरी जाताना मयताची चाल ऐकावी लागली. तिचा संसार मात्र चांगला झाला.

माणूस भला. त्याच्यात एकच खोट होती, त्याला कोणाला नाही म्हणता यायचं नाही.

तर त्या वर्षी देश स्वतंत्र व्हायचा होता. तारीख ठरली पंधरा ऑगस्ट. आता पंधरा ऑगस्टला आमच्या देवळाचा मोठा सण असतो. मरियामातेला देहासकट स्वर्गात नेलं, तो दिवस. मिस्सा, म्हणजे देवळातली मोठी प्रार्थना, झाली की मरियामातेची मूर्ती चौघांच्या खांद्यावरून समुद्राकाठच्या क्रुसापर्यंत जाते आणि पुढे बँड असतो.

फादर इनास बस्त्यावला म्हणाले, "आठ वाजता मिरवणूक निघेल. मला नंतर होडीनं पलीकडे मिस्सेला जायचं आहे. ओहोटी लागली की होडी चिखलात बसते. उशीर चालणार नाही."

"हो, फादर," बस्त्याव म्हणाला.

संध्याकाळी शाळेचे राऊत गुरुजी भेटले. "बस्त्याव, झेंडा आठ वाजता चढवायचा. तालुक्याहून हुकूम आलाय. बँड पाहिजे. देश रोज रोज स्वतंत्र होत नाही."

"हो, गुरुजी," बस्त्याव म्हणाला.

घरी येऊन त्यानं बायकोला, कातरीनला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"दोघांनाही हो म्हणालात?"

"दोघं किती आशेनं विचारत होते. तू तिथं असतीस तर तूही हो म्हणाली असतीस."

"मी असते तर आधी वेळ विचारली असती," कातरीन म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

दोन दिवसांत गावभर झालं. फादर आणि गुरुजी रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बुद्धिबळ खेळायचे, तो डाव अर्धा राहिला. घोडा अडीच घरं जायच्या तयारीत तसाच उभा. मग गावाचे दोन भाग पडले, देवळाकडचे आणि शाळेकडचे. भाताच्या बेणणीला एकमेकांच्या शेतात जाणारी माणसं बांधावरून तोंड फिरवून जायला लागली. बस्त्याव ज्याच्याकडे जाईल त्याचाच सण मोठा, असं सगळे बोलायला लागले. आपल्या दोन हो-पायी गाव फुटतंय, हे बस्त्यावला दिसत होतं.

पंधरा तारखेची सकाळ उजाडली ती धो धो पावसात. मिस्सा लवकर आटपली आणि साडेसातलाच मिरवणूक निघाली. पुढे बस्त्यावचा बँड, मागे मूर्ती, तिच्यामागे देवळाकडचं गाव आणि सगळ्यांच्या शेवटी काळ्या छत्रीखाली फादर. चिंचेपाशी रस्ता फुटतो. उजवीकडे समुद्र, डावीकडे शाळा. चिंच आली आणि बस्त्याव डावीकडे वळला.

सहा जण त्याच्याकडेच बघत होते, तेही वळले. मूर्तीवाले बँडमागे चालतात, ते वळले. गाव मूर्तीमागे वळलं. फादर मागून ओरडत होते, "उजवीकडे, उजवीकडे!" पण त्यांचा आवाज जवळ आला की बस्त्याव जोरात फुंकायचा. जुनी माणसं सांगतात, त्या दिवशी मरियामातेचं गाणं इतक्या जोरात वाजलं, की चिंचेच्या सगळ्या कोवळ्या चिंचा खाली आल्या.

शाळेच्या मैदानात शाळेकडचं गाव भिजत उभं होतं. गुरुजींच्या एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात दोरी. मिरवणूक मैदानात शिरली. भांडायला आलेले असते तर भांडता आलं असतं, पण पुढे मूर्ती होती.

आठ वाजले. गुरुजींनी दोरी ओढली, झेंडा वर गेला. पण तो चिंब भिजला होता, काठीला चिकटून बसला. वाऱ्याचं नाव नाही. गुरुजींनी दोरी हलवली, काठी हलवली. झेंडा काही उलगडेना. गुरुजींचे डोळे भरून आले. इतकी वर्षं वाट पाहिलेला झेंडा, आणि तो ओल्या धोतरासारखा लोंबतोय.

बस्त्याव पुढे झाला. काठीच्या बुंध्याशी उभा राहिला, मान मागे टाकली, कॉर्नेट आभाळाकडे धरली आणि फुंकली. पहिल्या फुंकीला पाऊस थांबला, असं म्हणतात. दुसऱ्या फुंकीला झेंड्याचं टोक हललं. तिसऱ्या फुंकीला झेंडा फाडकन उलगडला आणि पाण्याचे थेंब मूर्तीवर, फादरांवर, गुरुजींवर, सगळ्या गावावर उडाले. काही लोक म्हणतात, तेवढ्यात समुद्रावरून वारा सुटला. हे लोक तेव्हा जन्मलेले नव्हते.

आता वाजवायचं काय? मरियामातेचं गाणं वाजवून सहा जणांचे ओठ बधिर झाले होते. मयताची चाल तर शक्यच नव्हती. बस्त्यावनं लग्नाची चाल धरली. ती ऐकून आमच्या गावात कोणाला स्वस्थ उभं राहता येत नाही. देवळाकडचे नाचले, शाळेकडचे नाचले. फादर रागानं छत्रीचं टोक चिखलात आपटत होते, पण ठेक्यावर आपटत होते.

नाच थांबला तेव्हा फादर गुरुजींजवळ गेले. मूर्तीकडे बघितलं, मग वर झेंड्याकडे बघितलं. म्हणाले, "आज वर जायचाच दिवस आहे, गुरुजी."

"घोडा कधी हलवताय?" गुरुजींनी विचारलं.

ओहोटी लागायच्या आत फादरांना होडीपर्यंत पोचवायला मूर्तीसकट सगळं गाव खाडीकडे धावलं. होडी निघाली, तेव्हा ढोपरभरच पाणी होतं.

शनिवारी बस्त्याव देवळात फादरांपुढे आपलं पाप कबूल करायला, पापनिवेदनाला, गेला. आत काय झालं ते फादरांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांना सांगताही येत नाही. पण बस्त्यावनं बाहेर येऊन सगळ्या गावाला सांगितलं. "दर पंधरा ऑगस्टला चिंचेपाशी डावीकडे वळायचं, हे माझं प्रायश्चित्त आहे. पुरे झालं की फादर सांगणार आहेत."

फादर इनास पुढे दूरच्या गावी बदलून गेले आणि तिथेच वारले. पुरे झालं, हे सांगायचं राहून गेलं. बस्त्याव एकतीस वर्षं डावीकडे वळला आणि बत्तिसाव्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गेला. त्या पंधरा ऑगस्टला बँड चिंचेपाशी आला. पुढे बघायला कोणी नव्हतं. मग न सांगता सगळं गावच डावीकडे वळलं. तेव्हापासून वळतंच आहे.

मधे एक नवे फादर आले. त्यांना रस्ता लांब वाटला. ते म्हणाले, "बस्त्यावच्या प्रायश्चित्तातून मी गावाला मोकळं करतो. यंदा सरळ क्रुसाकडे जाऊ."

कातरीन तेव्हा नव्वदीला टेकलेली होती. ती काठी टेकत उठली आणि म्हणाली, "फादर, तुमचा मान मोठा. पण त्यांचं पाप फार मोठं होतं. अजून पुष्कळ वर्षं लागतील."

आणि ती छत्री उघडून शाळेच्या रस्त्याला लागली.